असत्याच्या वाटेवरची मुळाक्षरे

मुलाला वाचायला कसे शिकवावे हा प्रश्न शाळेत पोहोचतो तेव्हा तो सोयीचा प्रश्न होऊन बसतो. आधी मुळाक्षरे घ्यावीत की शब्दांची चित्रकार्डे, बाराखडी घोकून घ्यावी की ऐकवलेली गोष्टच फळ्यावर लिहावी, असे पर्याय शिक्षकापुढे येतात, आणि त्यांपैकी एखादा निवडला की विषय संपला असे मानले जाते. वस्तुतः यातील प्रत्येक पद्धती एका तात्त्विक भूमिकेवर उभी असते, मग ती वापरणाऱ्याला त्या भूमिकेची जाणीव असो वा नसो. अर्थ वर्णांच्या जुळणीतून निर्माण होतो, पदात वसतो, की वाक्याबाहेर त्याला अस्तित्वच नसते, या प्रश्नावर मीमांसक, वैयाकरण आणि वेदान्ती यांनी शतकानुशतके वाद घातला, आणि पहिलीच्या वर्गात तोच वाद खडू-फळ्यानिशी पुन्हा मांडला जातो, एवढाच काय तो फरक. वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे या वादाच्या तपासणीसाठी विशेष सोयीचे आहेत, कारण एकमेकांपासून फारशा दूर नसलेल्या गावांत तेथे वाचनाचे इतके निरनिराळे प्रकार नांदत आले आहेत की कोणतीही एक पद्धती सर्वांना पुरते असे म्हणणे अवघड व्हावे.

मराठीत आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात. पूर्वी मुलाच्या शिक्षणाचा प्रारंभ ‘ओनामासीधं’ या उच्चाराने होत असे, आणि त्याचे मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’ या नमनात आहे. त्यातील ‘सिद्ध’ या पदाचा संबंध कातंत्र व्याकरणाच्या परंपरेशी जोडला जातो. त्या परंपरेत वर्णांचा पाठ हा कोणी नव्याने रचलेला नसून आधीपासूनच सिद्ध, म्हणजे प्रस्थापित आहे, असे गृहीत धरूनच अध्ययनाला सुरुवात होते. अक्षरांना नमस्कार करून शिकायला बसणे यात श्रद्धा होती. पण ते नमन मुलांच्या तोंडी घासत घासत ‘ओनामासीधं’ झाले, यातच त्या पद्धतीची मर्यादाही उघड होते, कारण ज्याचा अर्थ ठाऊक आहे तो शब्द अशा रीतीने झिजत नाही. या ओनाम्यानंतर मूल धुळाक्षरे गिरवीत असे, म्हणजे पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अक्षरे काढीत असे. येथे एक बारकावा सहसा निसटतो. वर्णमाला ‘क ख ग घ’ या क्रमाने म्हटली जाते तेव्हा तो क्रम उच्चारस्थानांचा, म्हणजे कंठापासून ओठांकडे येणाऱ्या आवाजांचा असतो; तर ‘ग म भ न’ या प्रसिद्ध क्रमाने अक्षरे गिरवली जातात तेव्हा तो क्रम आकारसाम्याचा, म्हणजे हाताच्या वळणाचा असतो. ज्याला आपण सरसकट ‘अक्षरपद्धती’ म्हणतो तिच्याच पोटात कानाची आणि हाताची अशी दोन शास्त्रे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळवून घेतातच असे नाही.

अक्षरपद्धतीचे तात्त्विक समर्थन मीमांसा दर्शनात मिळते. शबरस्वामींनी आपल्या भाष्यात उपवर्ष या प्राचीन आचार्यांचे मत नोंदवले आहे: ‘गौः’ या शब्दात गकार, औकार आणि विसर्ग यांच्याखेरीज वेगळे असे काहीही नाही. वर्ण हेच शब्द. त्यांच्या पलीकडे ‘शब्द’ नावाची स्वतंत्र वस्तू मानण्याचे कारण नाही. यावर उघड आक्षेप असा की वर्ण एकामागून एक उच्चारले जातात आणि उच्चारताक्षणी नाहीसे होतात, मग त्यांचा मेळ बसतो कोठे? मीमांसकांचे उत्तर असे की आधीच्या वर्णांचे संस्कार मनात उरतात आणि त्या संस्कारांसह ऐकलेला शेवटचा वर्ण अर्थाचा बोध करून देतो. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात उपवर्षांची बाजू घेऊन मुंग्यांच्या रांगेचा दृष्टान्त दिला आहे: मुंग्या अनेक असल्या तरी त्यांच्या क्रमामुळे ‘एक रांग’ अशी बुद्धी होते, तसेच वर्णांचे. कोणत्याही पहिलीच्या शिक्षकाला हा विचार परका वाटणार नाही. ‘क… म… ळ’ असे एकेक अक्षर ओढत वाचणारे मूल ‘ळ’पाशी पोहोचेपर्यंत ‘क’ विसरून गेलेले असते आणि मग प्रश्नार्थक चेहऱ्याने शिक्षकाकडे पाहते. संस्कार टिकले नाहीत म्हणून शब्द उभा राहिला नाही, इतकाच त्याचा मीमांसक अर्थ. अस्खलित वाचनाचा सराव का लागतो, याचे याहून नेमके स्पष्टीकरण आधुनिक मानसशास्त्रानेही फारसे दिलेले नाही. त्याने संस्काराला कार्यस्मृती म्हटले आणि तिची मापे घेतली.

वर्णांवरून पदांकडे येताना मीमांसेतच फूट पडते. कुमारिल भट्टांच्या मते पदे आपापला अर्थ आधी सांगून मोकळी होतात आणि मग त्या सुट्या अर्थांचा परस्परसंबंध, म्हणजे अन्वय, लागतो. या मताला अभिहितान्वयवाद म्हणतात. प्रभाकर मिश्रांचे म्हणणे उलट आहे: पद एकटे असताना काहीच सांगत नाही, ते दुसऱ्या पदांशी जोडलेला अर्थच सांगते, हा अन्विताभिधानवाद. प्रभाकरपक्षाचा मुख्य पुरावा लहान मुलाच्या भाषाशिक्षणाचाच आहे. वडीलधारा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, तो गाय आणतो. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये ऐकू येतात, आणि जवळ उभे असलेले मूल कोणता तुकडा बदलला की कोणती कृती बदलते हे पाहत पाहत पदांचे अर्थ वेगळे करते. या प्रक्रियेला आवाप-उद्वाप, म्हणजे एक पद घालणे व दुसरे काढणे, असे नाव आहे. मूल आधी शब्द शिकून मग वाक्य जुळवत नाही, त्याला मिळते ते वाक्यच आणि शब्द ते त्यातून सोडवून घेते, हा सिद्धान्त वाक्यपद्धतीने वाचन शिकवणाऱ्याला फार जवळचा वाटेल. तथापि हे वर्णन बोलण्याचे आहे, वाचण्याचे नाही. फळ्यावरील वाक्य गाय आणून दाखवीत नाही.

पाचव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या मते वाक्य हे अखंड आहे, त्याचा अर्थ एका स्फुरणात प्रकट होतो, आणि ज्यातून तो प्रकट होतो त्या अखंड शब्दतत्त्वाला ‘स्फोट’ म्हणतात; वर्ण आणि पदे हे त्याचे खरे भाग नसून विश्लेषणासाठी मागाहून काढलेले तुकडे आहेत. तरी त्याला पायरीपायरीने होणाऱ्या बोधाचे वावडे नव्हते. दुरून किंवा अंधुक उजेडात पाहिलेली वस्तू पहिल्यांदा भलतीच वाटावी आणि निरखता निरखता नीट दिसावी, तसा प्रत्येक ध्वनी अर्थाला थोडा थोडा स्पष्ट करीत जातो. एखादा पाठही वारंवार म्हटल्याने आत्मसात होतो, मात्र कोणत्या आवृत्तीला तो आत्मसात झाला हे सांगता येत नाही. वाचनशिक्षणाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोलाचा विचार दुसऱ्या कांडात येतो. व्याकरणातील सर्व विभाग हे शिकणाऱ्या बालकांना रमवण्यासाठी योजलेले उपाय आहेत आणि माणूस असत्य वाटेवर उभा राहूनच सत्याकडे जातो, असे तो तेथे सुचवतो. शंकराचार्य स्फोट नाकारतात, पण या एका मुद्द्यावर त्यांचा दृष्टान्त भर्तृहरीच्या शेजारी येऊन बसतो: रेघांनी काढलेली अक्षरे खोटी असतात, कारण अकार हा ध्वनी आहे, रेघ नव्हे, तरीही त्या खोट्या रेघांवरून खऱ्या अकाराचे ज्ञान होते.

या विचाराला धरून पाहिले तर अक्षरपद्धती आणि वाक्यपद्धती यांच्या भांडणातील दोन चुका निरनिराळ्या दिसू लागतात. अक्षरपद्धतीचा कट्टर अभिमानी उपायालाच सत्य समजतो. बाराखडी संपली म्हणजे वाचन आले अशी त्याची खात्री असते. वाक्यपद्धतीचा कट्टर अभिमानी उपाय असत्य आहे हे ओळखतो आणि म्हणून तो वगळू पाहतो. मूल पुस्तकांच्या सहवासात राहिले की अक्षरे आपोआप येतील असे त्याला वाटते. भर्तृहरीने दोघांनाही मोकळीक दिलेली नाही. वाट असत्य असली तरी उभे राहायला तीच असते.

इंग्रजी जगात हा झगडा अधिक कडवट झाला. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्ये अमेरिकी शाळांतील शब्दपद्धतीवर घणाघाती पुस्तक लिहिले, केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचन हा संदर्भावरून केलेल्या अंदाजांचा खेळ आहे असे मांडले, आणि २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने अक्षर-ध्वनी संबंधांच्या क्रमबद्ध शिकवणीच्या बाजूने कौल दिला. मात्र तो वाद जसाच्या तसा उचलून मराठीला लावणे सयुक्तिक नाही. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ फार सैल आहे, तर देवनागरीत तो बराच घट्ट आहे. उलट देवनागरीत शिकण्याच्या चिन्हांची संख्या मात्र मोठी आहे, कारण व्यंजन, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून प्रत्येक अक्षर एक लहानशी रचनाच असते. कन्नडसारख्या याच कुळातील लिप्यांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून दिसते की मुलांचे अक्षरज्ञान पहिली-दुसरीत पूर्ण होत नाही, ते पुढील इयत्तांतही चालू राहते. शिवाय देवनागरीचा घट्टपणा वाटतो तितका निरपवाद नाही. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी वाचताना ‘ज’ तालव्य उच्चारला जातो आणि ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तोच ‘ज’ दंततालव्य होतो; कागदावर दोन्ही एकसारखे. कोणता उच्चार करायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्य सांगते. पहिल्याच पुस्तकात भेटणारे हे दोन अक्षरांचे शब्द प्रभाकराचा पक्ष बळकट करतात.

शासकीय आणि संस्थात्मक उपक्रमांनीही आपापला पक्ष नकळत निवडलेला असतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ या पाहणीत मुलाची वाचनक्षमता अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर पाहिली जाते. ही शिडी मोजणीला सुटसुटीत आहे, पण ती कुमारिलांची शिडी आहे. २०१५ साली सुरू झालेला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवणारे २०२१ चे ‘निपुण भारत’ अभियान यांनी अर्थाचा उल्लेख उद्दिष्टातच केला, हे योग्य झाले; वर्गात तो अर्थ कोणत्या भाषेतला, हा प्रश्न मात्र खाली गावावर सोडला गेला.

तो प्रश्न वऱ्हाडाच्या इतिहासात अनपेक्षित ठिकाणी भेटतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्षदर्शींकडून विचारून घेऊन ‘लीळाचरित्र’ तेथेच सिद्ध केले. २०२४ मध्ये तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, हे त्या इतिहासाला धरूनच झाले. या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, ज्यांत एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण येतो. पंथाबाहेरच्या वाचकाला ती पाने शतकानुशतके मुकी राहिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. किल्ली सापडली की लिपी वाचता येते, यावरून अक्षरवाद्याने आपला विजय घोषित करू नये. ती किल्ली उपयोगी पडली, कारण ती शोधणाऱ्याला जुनी मराठी आधीच येत होती. मराठी न जाणणाऱ्याच्या हाती तीच किल्ली दिली असती तर त्याने एका न कळणाऱ्या अक्षरमालेची दुसरी न कळणारी अक्षरमाला केली असती. महानुभावांना स्वतःला हे पुरेपूर ठाऊक होते. केशोबासांनी चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला, तेव्हा सुटे वचन प्रसंगाविना दुर्बोध होते हे जाणून प्रत्येक वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणाऱ्या ‘प्रकरणवश’ या प्रकारच्या ग्रंथांची परंपराही पंथात उभी राहिली. संदर्भाशिवाय वाक्यसुद्धा अपुरे पडते, हे सांगणारी ही भूमिका भर्तृहरीच्याही एक पाऊल पुढे जाते.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण संत गुलाबराव महाराजांचे आहे. १८८१ मध्ये जन्मलेल्या आणि १९१५ मध्ये निवर्तलेल्या महाराजांची दृष्टी वयाचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधीच गेली. माधान येथे वाढलेल्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि स्वतः सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहवून घेतले. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाची एक सोपी व्याख्या मांडली: चिन्हांवरून ध्वनी ओळखणे आणि ऐकलेली भाषा समजणे यांचा गुणाकार म्हणजे वाचन, त्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्य. माधानच्या त्या वाचनात हे दोन घटक दोन माणसांत वाटले गेले होते. समोर बसलेला माणूस अक्षरे सोडवीत होता, त्याला प्रत्येक वेदान्तवाक्य कळत असेलच असे नाही; आणि अक्षर न पाहिलेला श्रोता ते वाक्य जाणत होता. वाचन या दोघांपैकी कोणी केले, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे, आणि पहिलीच्या वर्गात बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाविषयी हाच प्रश्न विचारला पाहिजे.

अर्थाविना वाचन म्हणजे निव्वळ व्यर्थ, असा निष्कर्ष यावरून घाईने काढता येणार नाही, कारण धर्मजीवनात त्याला फार जुने स्थान आहे. मंत्रांना अर्थच नसतो असे कौत्साचे मत होते. यास्काने ‘निरुक्ता’त त्याचे खंडन केले आणि अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा देणारे वचन उद्धृत केले. तरीही पाठाची परंपरा टिकली. अकोल्यापासून जवळच असलेल्या शेगावच्या गजानन महाराजांच्या, दासगणूंनी रचलेल्या पोथीचे एकवीस अध्याय वऱ्हाडातील घराघरांत पारायणात वाचले जातात, आणि कमी शिकलेल्या कित्येक माणसांच्या वाचनाचा सराव या पारायणानेच टिकून राहिला, हे शिक्षणाच्या अभ्यासकांनी नोंदवण्याजोगे आहे. बाळापूर, अचलपूर अशा गावांतील उर्दू शाळांत शिकणारे मूल तर एकाच दिवसात दोन टोके अनुभवते. कुरआन वाचताना जेर, जबर, पेश ही सर्व स्वरचिन्हे छापलेली असतात, म्हणून ते उच्चार अचूक करते, पण अरबी भाषा त्याची नसते; उर्दूच्या पाठ्यपुस्तकात ही चिन्हे बहुधा गाळलेली असतात, म्हणून अक्षरांवरून पूर्ण उच्चार मिळत नाही, पण भाषा घरच्या बोलीच्या जवळची असल्याने ते शब्द ओळखून वाचते. पहिल्या वाचनात उपाय पूर्ण आहे आणि अर्थ दूर, दुसऱ्यात उपाय अपुरा आहे आणि अर्थ हाताशी. यांपैकी एकाला धर्म आणि दुसऱ्याला शिक्षण म्हणून वेगळे काढणे सोपे आहे. मूल मात्र तेच असते.

या सर्व विचाराची खरी कसोटी मेळघाटात लागते. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू ही मुंडा कुळातील भाषा बोलली जाते. मराठी वा हिंदीशी तिचे कूळ जुळत नाही. व्याघ्र प्रकल्पामुळे पुनर्वसित झालेली काही कोरकू गावे अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूलाही वसली आहेत. कोरकू मूल पहिलीत बसते तेव्हा पुस्तकातील मराठी वाक्य त्याच्यापुढे वाक्य म्हणून येतच नाही. प्रभाकराच्या उदाहरणातील बालकाने ‘गाय आण’ ऐकले तेव्हा गाय खरोखर आणली गेली होती आणि त्याचे डोळे उघडे होते. येथे ऐकलेल्या शब्दांनंतर काहीच आणले जात नाही. अशा वर्गात वाक्यपद्धती ही सर्वांत उदार दिसणारी पद्धती सर्वांत अन्यायकारक ठरू शकते, कारण ज्याच्याकडे वाक्य आहे त्यालाच ती मदत करते, आणि अक्षरपद्धती निदान सर्वांना सारखेच अर्थहीन काहीतरी देते. हा अक्षरपद्धतीचा गौरव नव्हे. तिचे यश असे की मूल मराठी पाठ मोठ्याने वाचू लागते आणि त्याने काय वाचले हे विचारल्यावर गप्प बसते. मीमांसकांच्या भाषेत वर्णांचे संस्कार जमले, पण शेवटच्या वर्णाने काहीही दाखवले नाही. १९५६ मध्ये घटनेत घातलेल्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करावा असे राज्यांना सांगितले आहे. हा अनुच्छेद राज्याच्या कर्तव्याच्या भाषेत लिहिलेला असला तरी त्यातून ज्ञानमीमांसेचे एक विधानही निघते: वाक्य आधी मुलाचे असले पाहिजे, तरच त्याचे तुकडे करणे हा उपाय ठरतो. कोरकू वाक्य देवनागरीत लिहिता येते. ते आधी वाचायला देऊन त्याच अक्षरांवरून पुढे मराठीकडे जाणे हा मार्ग भर्तृहरीच्या तत्त्वाशी सुसंगत आहे, आणि तो न घेण्यामागे तात्त्विक कारण नाही, पुस्तके आणि कोरकू जाणणारे शिक्षक यांची उणीव हे कारण आहे.

वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचा प्रश्न याहून सौम्य, पण अधिक सूक्ष्म आहे. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो; ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’, ‘फळ’ हे ‘फय’. पतंजलीने ‘गौः’ या शब्दाची गावी, गोणी, गोता अशी लोकांतील रूपे नोंदवून म्हटले आहे की अर्थ साधु शब्दाने आणि अपशब्दाने सारखाच कळतो, मात्र धर्म साधु शब्दाच्या बाजूने आहे. वर्गात हा धर्म शिक्षक सांभाळतो. पुस्तकात ‘फळ’ छापलेले असताना मूल ‘फय’ असे वाचते, तेव्हा वर्णवाद्याच्या हिशेबी त्याने दोन अक्षरांपैकी एक चुकवले. पण ‘ळ’ या चिन्हावरून ‘य’ हा ध्वनी कोणत्याही बाराखडीतून निघत नाही. तो निघायचा तर मुलाने अक्षरे सोडवून शब्द ओळखावा लागतो, शब्दावरून झाडाला लागलेली ती वस्तू मनात आणावी लागते, आणि मग तिचे घरचे नाव तोंडातून यावे लागते. त्याच्याच शेजारी, ‘फळ’ हा शब्द ज्याने शाळेतच पहिल्यांदा ऐकला ते मूल त्याचा उच्चार शिक्षकाने घोकून घेतला तसा बिनचूक करू शकते, आणि तपासणीच्या तक्त्यात ‘वाचता येते’ ही खूण त्याच्या नावापुढे पडते.